ब्रेकातलं खोबरेल

माझ्या सायकलच्या ब्रेकला तार नाही. तारेच्या जागी एक काळी बारीक नळी आहे आणि नळीत तेल. मूठ दाबली की तेल पुढे सरतं आणि चाकाजवळची दोन पानं लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी धरतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाड्यावरच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की सायकलच्या ब्रेकला तेल लागतं ही या म्हाताऱ्याची, म्हणजे माझी, थाप आहे. ट्रकचं सांगितलं तर पटतं. सायकलचं म्हटलं की हसतात.

ट्रकचं मला कोणी शिकवायला नको. शाळा मराठी तिसरी, पण खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात बत्तीस वर्षं फिटर होतो. मूळचे आम्ही पेडण्याकडचे. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीत आलो, मयेच्या वरच्या अंगाला घर बांधलं आणि इथलेच झालो. बोली तेवढी घरात पेडण्याची राहिली. त्या बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही ट्रक ब्रेक लागला नाही म्हणून कुठे आपटला नाही. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. आणि म्हणूनच ही पुढची हकिगत लिहायला मला इतके दिवस लागले.

आमच्या घरामागे एक खोली आहे. तिथे बेळगावकडचा एक कामगार भाड्याने राहतो. तिशी ओलांडलेला, बायको आणि लहान मुलगी गावी. हल्ली तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, पण त्याआधी पेडण्याच्या किनाऱ्यावर एका हॉटेलच्या बांधकामावर होता. तिथे पर्यटकांना भाड्याने सायकली देणारं एक दुकान बंद पडलं. त्याने दोन सायकली स्वस्तात उचलल्या आणि टेंपोत घालून आणल्या. एक स्वतःला ठेवली, एक मी घेतली. एकसारख्या दोन, रंग तेवढा वेगळा.

माझ्या मुलाला हे पसंत नव्हतं.

“बाबा, ह्या वयार सायकल कित्याक व्हयी तुमका? खंय जावचा आसला तर सांगा, मी सोडतंय.”

“कुळागरात पाणी सोडूक जाताना रोज सकाळी उठान सोडतलंस माका?”

साडेआठशिवाय उठत नाही तो. पण जाता जाता म्हणालाच, “एकदा जरी पडलात ना बाबा, ती सायकल मी भंगारवाल्याक दितलंय. मगे बोलू नकात.”

कुळागर म्हणजे आमची पोफळीची बाग. घरापासून दीड किलोमीटर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. दिवाळीनंतर पाटाचं पाणी पाळीने मिळतं आणि माझी पाळी सकाळची, उजाडता उजाडता. चालत जावं तर गुडघे उतारावर ऐकत नाहीत. सायकलवर बसलं की गुडघ्यांना कळतही नाही. ज्याला हे अनुभवाने ठाऊक नाही त्याला समजावून उपयोग नाही.

तर ब्रेकचं तेल. जुन्या सायकली, नळ्या कुठे कुठे पाझरणाऱ्या, त्यामुळे चार-पाच महिन्यांनी मूठ ढिली पडायची आणि तेल भरावं लागायचं. हे तेल डिचोलीत मिळत नाही. म्हापशाला एका दुकानात मिळतं. बाटली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या निम्मी. पहिल्या वेळी भाव ऐकून मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी तो वाढला होता. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर गेलो तर तेवढ्याच बाटलीला पहिल्याच्या दुप्पट मागायला लागला.

“सोन्याचा वर्ख घातलास की काय हेच्यात?” मी विचारलं.

दुकानदार तरुण, पण बोलायला बरा. “काका, ता भायल्यान येता. वयरसूनच भाव वाडान येता, मी काय करू?”

“भायल्यान म्हणजे खंयसून? चंद्रावरसून?”

“आनी आयका, गाडयेचा ब्रेक ऑईल स्वस्त म्हणान घालू नकात हां. आतला रबर फुगता.”

“ता माका सांगू नको. तू जल्माक येवच्या आदी ब्रेक ऑईलात हात बुडवलेत मी.”

त्याचं खरं होतं आणि ते मला ठाऊक होतं. गाडीच्या ब्रेक ऑईलची जात वेगळी. रंगावर पडलं तर रंग खातं, आणि त्याचं रबरही त्याच्याच जातीचं लागतं. या सायकलींना ते चालत नाही. पण त्याने मला सांगावं हे मला आवडलं नाही. बाटली तशीच ठेवली आणि बसमध्ये येऊन बसलो. माशेलपर्यंत जाणारी बस होती, डिचोलीला उतरलो तरी डोक्यातला राग उतरला नव्हता.

घरी येऊन विचार केला. पातळ हवं, रबराला त्रास न देणारं हवं, आणि विकत आणायचं नाही. शिवणयंत्राचं तेल घातलं असतं तर कदाचित निभावलं असतं, पण तेही विकतचंच. आमच्या माडांचे नारळ आहेत. दर वर्षी खोबरं सुकवून घाण्यावर तेल काढून आणतो, डबा भरलेला असतो. बिजागरी कुरकुरली तर खोबरेल, बाळाच्या टाळूला खोबरेल, भाजलं तर खोबरेल, रहाटाच्या आसालाही माझे वडील खोबरेलच घालायचे. ब्रेकला का नको?

बायको पडवीत भाजी निवडत होती. मी तेल कपड्यातून गाळताना बघून म्हणाली, “ह्या कित्याक?”

“ब्रेकाक.”

“ब्रेकाक डोक्याचा तेल? मगे येताना सायकलीक एक फणी पण हाडा.”

मेडिकलमधून इंजेक्शनची रिकामी सिरिंज आणली होती. तिला बारीक नळी जोडली, खालच्या बोल्टाकडून तेल वर ढकललं. मुठीजवळच्या भांड्यात बुडबुडे येत राहिले, ते थांबेपर्यंत थांबलो. याला आम्ही हवा काढणं म्हणायचो. ब्रेकात हवा राहिली की मूठ पोकळ लागते. ट्रकखाली उताणं पडून हजार वेळा केलेलं काम, इथे पाटावर बसून केलं. आणि ब्रेक लागला. असा लागला की आवाठात, म्हणजे वाड्यातल्या घरांमधून, दोन फेऱ्या मारल्या आणि मुद्दाम सगळ्यांच्या दारासमोर थांबून दाखवलं.

चार दिवसांनी भाडेकरू आला. “काका, माझं बी ब्रेक हळू लागालंय. म्हापशाला गेलतो, बाटलीचा भाव बघून मोकळ्या हातानं आलो बघा.”

“हाड ती सायकल हंय.”

त्याने आणली. मी डबा उघडला तसा वास त्याच्याकडे गेला.

“खोबरेल? काका, चालंल न्हवं हे?”

“बत्तीस वर्सां ब्रेकाचा काम केलंय.”

“तुमच्यावर शंका न्हाई वो. पर आमच्याकडं थंडीत हे तेल...”

“थंडी तुमच्या बेळगावात. हंय गोंयात कसली थंडी? पंखो लावन निजतंव आमी.”

तो हसला. मी त्याच्या दोन्ही ब्रेकांची हवा काढून दिली. चहा पाजला. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, उलट म्हापशाच्या दुकानदाराला चांगला धडा मिळाला असं वाटून मलाच दोन दिवस जेवण गोड लागलं. पुढे रोज संध्याकाळी तो कामावरून आला की मी पडवीतून विचारायचो, “ब्रेक कसो?” आणि तो हात वर करून म्हणायचा, “झकास, काका.”

नाताळ जवळ आला तशी सकाळी मूठ थोडी घट्ट लागायला लागली. मला बरंच वाटलं. म्हटलं, नळीत राहिलेली हवाही गेली, आता ब्रेक पक्का झाला. कुळागरातून परत येईपर्यंत ऊन वर यायचं आणि मूठ पुन्हा मऊ व्हायची. त्यावरही मी विचार केला नाही. माणसाला एकदा आपलं बरोबर आहे असं वाटलं की पुढचं सगळं त्याच्याच बाजूने दिसतं. गॅरेजात नव्या पोरांना मी हेच सांगायचो.

जानेवारीतली ती सकाळ. अंगावर स्वेटर घालून बाहेर पडलो, एवढी थंडी. मयेच्या तळ्यावर धुकं होतं, तळं दिसत नव्हतं. कुळागराकडचा उतार फार मोठा नाही, पण शेवटाला वळण आणि वळणाच्या पलीकडे पाट. वळणाआधी रोजच्यासारखी मूठ दाबली. मूठ हललीच नाही. दुसऱ्या हाताची दाबली, तीही नाही. दगड दाबावा तशी. चाक आपलं जोरात चाललंय. पाय खाली टेकले तर एक चप्पल कुठल्या कुठे गेली. मग हँडल डावीकडे वळवलं आणि पोफळीच्या सुकलेल्या झावळ्यांचा ढीग होता त्यात सायकलसकट शिरलो.

लागलं फार नाही. कोपर खरचटलं, गुडघा होता तसाच दुखत होता. आधी सायकल उचलून बघितली. नळी फाटलेली नाही, कुठे तेल सांडलेलं नाही, आणि मूठ तशीच दगड. तिथेच बसून मी मुठीकडे बघत राहिलो. मग सकाळचं डोळ्यांपुढे आलं. मी चहा पीत होतो आणि बायको चमच्याच्या दांड्याने तेलाच्या बाटलीतून पांढरं खोबरेल खरवडून तळहातावर घेत होती. थंडीत रोज घेते. उन्हं आली की बाटली कुंपणाच्या गडग्यावर नेऊन ठेवते. माझ्या लग्नापासून बघतोय मी ते. माझी आईही तेच करायची.

ब्रेकात माझं खोबरेल थिजलं होतं.

हसू येणार तेवढ्यात दुसरी सायकल आठवली. तेच तेल, मीच भरलेलं. आणि भाडेकरूची वाट माझ्यासारखी नाही. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जो उतार आहे तो असा उभा की वर येताना तरणी माणसंही सायकलवरून उतरतात. खाली उतरलं की थेट रस्ता, आणि सकाळच्या त्या वेळी ट्रक आणि कामगारांच्या बसगाड्या. तिथे झावळ्यांचे ढीग नाहीत.

फोन खिशात होता. त्याला लावला. वाजत राहिला. तो फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो, मला ठाऊक आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग घरी मुलाला लावला. नशीब, त्या दिवशी त्याला लवकर कुठे जायचं होतं म्हणून तो उठलेला होता.

“भाडेकरू आसा रे मागे? सायकल आसा काय बघ.”

“आत्ताच भायर पडलो तो. कित्याक?”

“स्कूटर काड आनी तेका थांबय. उतारार सायकलीर बसाक दिव नको.”

“बाबा, झाला काय?”

“तेच्या ब्रेकात खोबरेल आसा. ता थिजलासा. ब्रेक लागाचो नाय.”

एवढा वेळ नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“ब्रेकात खोबरेल कोणी घातला?”

“मी घातलंय. तू आदी जा.”

फोन चालूच राहिला होता. स्कूटरला किक मारल्याचा आवाज ऐकू आला, मग बायको काहीतरी विचारत होती ते, आणि मग काहीच नाही.

पाण्याची पाळी चालली होती, पाट माझ्या बाजूने उघडायचा होता. उघडला नाही. उठून सायकल ढकलत उतार चढायला लागलो आणि निम्म्यावर थांबलो. गडग्यावर बसलो. त्याची मुलगी गेल्या गणपतीत आली होती, तिला मी सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून आवाठात फिरवलं होतं. तिच्या आईला काय सांगायचं हे मी तिथे बसून ठरवत होतो आणि ते ठरत नव्हतं. मी ब्रेक बघितलेल्या ट्रकांवर माणसं डोळे मिटून बसायची. तोही तसाच बसला असेल. त्याने विचारलं होतं. चालेल ना, म्हणून विचारलं होतं आणि थंडीचं बोलायला लागला होता. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा मिनिटंच असतील. फोन वाजला तसा लगेच कानाला लावला.

“बाबा, गावलो तो.”

“लागला तेका?”

“लागता काय? चायच्या गाड्यार बसान भाजीपाव खाता.”

मुलगा दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाला. मग फोन त्याने भाडेकरूच्या हातात दिला.

“काका, मी बरा हाय. काय झालं? तुम्ही कुठं हाय?”

“उतरलंस कसो? ब्रेक लागलो?”

“लागला की.”

“थिजलो नाय?”

तिकडे कपबश्या वाजल्या. मग म्हणाला, “काका, संध्याकाळी सांगतो. आता शिफ्ट हाय माझी.”

मला तेवढं पुरे होतं. तो जिवंत होता, भाजीपाव खात होता आणि काहीतरी लपवत होता. गडग्यावरच बसून राहिलो. धुकं विरत चाललं होतं. खाली शेजाऱ्याच्या बागेत पाणी वळलं होतं, माझी पाळी त्याने घेतली असणार. घेऊ दे म्हटलं. त्या दिवशी त्याने सगळा पाट घरी नेला असता तरी मी भांडलो नसतो. थोड्या वेळाने मुलगा स्कूटरवरून आला. माझं कोपर बघितलं, एका पायात चप्पल नाही ते बघितलं. सायकलबद्दल एक शब्द काढला नाही. ढिगाजवळ जाऊन माझी दुसरी चप्पल शोधून आणली तेवढी.

संध्याकाळी भाडेकरू कामावरून आला तो थेट पडवीत. मुलगाही तिथेच होता. बायको दारात उभी. त्याने खिशातून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. म्हापशाच्या दुकानातली तीच, महागाची. तळाला बोटभर तेल उरलेलं.

“तुम्ही तेल घातलंसा त्याच्या पुढच्या रविवारी मी बदललं,” तो म्हणाला. “कारखान्यात एकजण हाय, त्याच्याकडं सिरिंज होती. आमच्याकडं दिवाळी झाली की खोबरेल दगड होतंय, काका. मी सांगणार होतो.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

तो खाली बघत होता. मुलानेच उत्तर दिलं. “उताराक भियेलो नाय तो बाबा. तुमका भियेलो.”

बायको हसली आणि हसणं लपवायला आत गेली.

“आनी रोज संध्याकाळी माका झकास, झकास म्हणी होतंस ता?” मी विचारलं.

“ब्रेक झकासच होता की. खोटं कुठं बोललो?”

मला राग यायला हवा होता. एवढ्या वर्षांत माझं काम कोणी गुपचूप उपसून टाकलं नव्हतं. पण सकाळी गडग्यावर मी जे बसलो होतो त्यानंतर त्याच्यावर राग धरणं मला जमलं नाही. त्याने माझं ऐकलं नाही म्हणून तो माझ्यासमोर उभा होता. माझं ऐकलं असतं तर मी कुठे उभा असतो, ते मला माहीत होतं. मी त्याला बसायला सांगितलं आणि बायकोला चहा टाकायला. एवढंच म्हटलं, “परत माझा चुकला तर माज्या तोंडार सांग. मी ओरडान, पण तू सांग.”

“बरं काका,” तो म्हणाला.

मुलाला मी त्याच रात्री जेवताना विचारलं, भंगारवाला कधी येतो. तो म्हणाला, “आधी ब्रेक नीट करा. मोडको माल तोय घेना नाय.” त्याच्या बोलण्यातून सायकल घरात राहणार हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर खोबरेल काढून टाकलं. आतलं रबर थोडं फुगलं होतं, तेही बदलावं लागलं. तेलासाठी म्हापशाला गेलो, त्याच दुकानदाराकडे. या वेळी भाडेकरूने तोड काढली होती. त्याच्या कारखान्यात असल्या ब्रेकांच्या सायकली आणखी तिघांकडे आहेत. छोट्या बाटल्यांऐवजी लिटरचा मोठा डबा घेतला तर तेच तेल निम्म्याहून कमी भावात पडतं. पाचजणांनी मिळून डबा घेतला. दुकानदार पहिल्या दिवसापासून डबा मागच्या फळीवर ठेवून बसला होता, मला कधी बोलला नव्हता. विचारलं तर म्हणाला, “तुमी कोणाक बोलाक दितात खंय काका?”

आता पाचही सायकलींच्या ब्रेकांची हवा रविवारी माझ्याच पडवीत निघते. डबा माझ्याकडे असतो, सिरिंज माझी असते आणि हातही माझाच असतो, ते मी कोणाला देणार नाही. परवा माझीच सायकल उलटी करून ठेवली होती. भाडेकरू शेजारी उभा होता. बराच वेळ बघत राहिला आणि मग घसा खाकरून म्हणाला, “काका, रागावू नका. त्यो खालचा बोल्ट तुम्ही जास्त आवळताय. आटे जातील.”

मी वर बघितलं. बत्तीस वर्षांचं वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पान्हा अर्धा फेरा मागे फिरवला. अर्धाच. पुरता नाही.